विषयनिवड आणि विचारपक्ष : 'केसरी', 'सुधारक' आणि 'दीनबंधु'

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठी निबंधवाङ्मयाचा विचार करताना 'सनातनी' आणि 'सुधारक' अशी विभागणी सर्रास केली जाते. तिचा आधार बहुधा मतभिन्नता हा असतो. एखाद्या प्रश्नावर कोणी काय म्हटले, याची तुलना होते. परंतु मत मांडण्याच्या आधी लेखकाने विषय निवडलेला असतो, आणि ही निवडही वैचारिक असते. कोणत्या प्रश्नास 'राजकीय' म्हणावयाचे व कोणत्यास घरगुती, हे ठरविण्यातच पक्ष उघड होतो. प्रस्तुत लेखात तीन वृत्तपत्रांच्या आधारे या मुद्द्याचा विचार केला आहे.

'केसरी' ४ जानेवारी १८८१ रोजी पुण्यात सुरू झाला. पहिली सहा-सात वर्षे त्याची संपादकीय सूत्रे गोपाळ गणेश आगरकरांकडे होती. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळक व आगरकर या दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. म्हणजे राज्यकर्त्यांविषयीच्या निर्भयतेत दोघांत अंतर नव्हते. अंतर पडले ते अग्रक्रमाच्या प्रश्नावर. १८८७ मध्ये आगरकर 'केसरी'तून बाहेर पडले आणि १८८८ च्या दसऱ्यास त्यांनी 'सुधारक' काढला.

'सुधारक'मधील विषयांची नुसती यादी पाहिली तरी तिचे वेगळेपण जाणवते : विधवांचे केशवपन, बालविवाह, मुलामुलींचे सहशिक्षण, स्त्रियांचा पोशाख, मृतांविषयीचे आचार, मूर्तिपूजा. स्त्रियांनी जाकिटे घालावीत की नाही, हा अग्रलेखाचा विषय होऊ शकतो, हेच तत्कालीन वाचकास चमत्कारिक वाटले असावे. आगरकरांच्या दृष्टीने मात्र स्वयंपाकघर, माजघर आणि देव्हारा ही सत्तेचीच ठिकाणे होती. ज्याची बुद्धी घरात परतंत्र आहे, तो राज्यात स्वतंत्र कसा होणार, हा त्यांच्या विषयनिवडीमागील सुप्त प्रश्न होय.

टिळकांच्या 'केसरी'चे लक्ष मुख्यतः राज्यकारभार, करभार, काँग्रेस आणि लोकसंघटन यांवर केंद्रित झाले. १८९३ नंतरचा सार्वजनिक गणेशोत्सव, शिवस्मारकाची चळवळ, १८९६ चा दुष्काळ आणि १८९७ मधील प्लेगचा बंदोबस्त हे त्याचे ठळक विषय. तथापि 'केसरी' सामाजिक प्रश्नांवर मूक होता, असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींच्या संमतीचे वय १० वरून १२ वर नेले. त्या वेळी दोन्ही पत्रांनी त्याच घटनेवर आवेशाने लिहिले. मात्र 'सुधारक'च्या लेखी विषय होता मुलीचे शरीर व जीवित, तर 'केसरी'च्या लेखी विषय होता परकीय सरकारचा हिंदूंच्या आचारात हस्तक्षेप करण्याचा अधिकार. घटना एक, पण तिचे शीर्षक दोन. विषयभेदाचे हे सूक्ष्म रूप केवळ लेखांची मोजदाद करून हाती लागत नाही.

हा भेद १८९५ च्या डिसेंबरात पुण्यास अक्षरशः मांडवापर्यंत पोहोचला. काँग्रेसच्या मंडपात सामाजिक परिषद भरविण्यास टिळकपक्षाने विरोध केला आणि न्यायमूर्ती रानड्यांनी ती अन्यत्र भरविली. कोणता विषय कोठे बोलावयाचा, हाच वादविषय झाला. आगरकर त्याच वर्षीच्या १७ जून रोजी निवर्तले होते.

परंतु ही द्विध्रुवी मांडणीही अपुरी आहे. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये सुरू केलेला व पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत चालविलेला 'दीनबंधु' लक्षात घेतला की, वरील दोन्ही पत्रांच्या कक्षेबाहेरचे जग दिसू लागते : शेतकऱ्याचे कर्ज, बहुजनांचे शिक्षण, भटभिक्षुकांचे वर्चस्व आणि गिरणीकामगार. १८८१ व १८९१ च्या कारखाना कायद्यांकडे राष्ट्रवादी वृत्तपत्रांपैकी बहुतेकांनी मँचेस्टरच्या स्पर्धेच्या नजरेने पाहिले. लोखंड्यांनी मात्र कामाचे तास आणि आठवड्याची सुटी यांचा विचार केला. हिंगणघाटच्या वाचकास हा भेद निराळा समजावून सांगावा लागू नये. येथील कापूस गावाच्या नावानेच विलायतेच्या बाजारात ओळखला जाई, आणि त्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत येथे गिरण्याही उभ्या राहिल्या. अशा पेठेत कापसाचा भाव हा एक विषय असतो आणि साच्यावरील मजुराचा दिवस हा दुसरा. कोणता छापला जातो, यावरून पत्र कोणाचे ते ओळखता येते.

विषय वगळणे हीदेखील भूमिकाच असते. १९२० साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिल्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे नमूद केले आहे. येथे मतभेदाची पायरीच आली नाही. विषयाचे अस्तित्वच नाकारले गेले.

तेव्हा जुन्या नियतकालिकांच्या अभ्यासकाने तीन प्रश्न क्रमाने विचारावेत : काय निवडले, ते कोणत्या नावाने मांडले आणि काय वगळले. 'प्रतिगामी' व 'पुरोगामी' ही विशेषणे या तिन्ही उत्तरांनंतर यावीत. दुष्काळात शेतकऱ्यास त्याचे कायदेशीर हक्क सांगणारा 'केसरी' आणि संमतिवयाला विरोध करणारा 'केसरी' एकच आहे, हे त्याशिवाय ध्यानात येणार नाही. विशेषण आधी लावले, तर फायली उघडण्याचे कारणच उरत नाही.