विखुरलेले संगणक आणि दोषाचा माग

जळगाव किंवा धुळे येथील रेल्वे आरक्षणाच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या प्रवाशाला समोर एकच संगणक दिसतो. प्रत्यक्षात त्याचे काम शेकडो किलोमीटर दूर असलेल्या संगणकांच्या साहाय्याने पार पडत असते. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद या पाच केंद्रांच्या आरक्षण-यंत्रणा 1999 साली ‘कॉन्सर्ट’ या प्रणालीने परस्परांशी जोडण्यात आल्या. त्यामुळे एका केंद्राच्या खिडकीवरून दुसऱ्या केंद्राच्या अखत्यारीतील गाडीचेही तिकीट देणे शक्य झाले. अनेक संगणकांनी मिळून एकच काम करण्याच्या अशा रचनेस वितरित संगणकप्रणाली म्हणतात. या सोयीबरोबर एक नवा प्रश्नही उभा राहिला : काही बिघडले, तर दोष शोधावयाचा कोठे?

दोष वाटेतला

समजा, जळगावच्या खिडकीवरून दूरच्या एका केंद्राकडे जागेची मागणी गेली. तेथे जागा राखली गेली. परंतु उत्तर परत येत असतानाच संपर्क तुटला. खिडकीच्या दृष्टीने काहीच घडलेले नाही. केंद्राच्या दृष्टीने काम पुरे झाले आहे. मागणी पुन्हा पाठविली तर दोन जागा अडकतील. न पाठविली तर राखलेली जागा रिकामी धावेल आणि प्रतीक्षायादीतील उतारू फलाटावरच राहील. दोन्ही संगणक वेगवेगळे तपासले, तर दोन्ही निर्दोष ठरतात. दोष असतो तो त्यांच्यामधील निरोपात.

एकाच संगणकातील आज्ञावली थांबवून ओळीओळीने तपासता येते. येथे मात्र एक संगणक थांबविला तरी इतर चालूच राहतात. शिवाय त्या थांबण्यानेच निरोपांचा क्रम बदलतो आणि शोधावयाचा दोष कित्येकदा नाहीसा होतो.

घड्याळापेक्षा क्रम महत्त्वाचा

म्हणून प्रत्येक संगणकाने ठेवलेल्या घटनांच्या नोंदी एकत्र करून वाचाव्या लागतात. पण निरनिराळ्या संगणकांची घड्याळे तंतोतंत जुळत नाहीत. लेस्ली लॅम्पोर्ट या शास्त्रज्ञाने 1978 साली यावर मार्ग दाखविला. धुळे व चाळीसगाव येथील घड्याळांत दोन मिनिटांचे अंतर असले, तरी धुळ्याहून सुटल्याखेरीज गाडी चाळीसगावला पोहोचत नाही, हे निश्चित असते. त्याचप्रमाणे निरोप निघणे हे तो मिळण्याच्या आधीच घडते. या एका नियमावरून घटनांचा क्रम लावता येतो.

शोधाची साधने

प्रत्येक मागणीस स्वतंत्र क्रमांक देणे, हे सर्वांत उपयुक्त साधन होय. तो क्रमांक मागणीबरोबर प्रत्येक संगणकात नोंदला जातो व तिची वाट कोठे खुंटली ते उघड होते. तोच क्रमांक पुन्हा आल्यास केंद्र दुसरी जागा न राखता पहिलेच उत्तर परत पाठवू शकते. याखेरीज वाहिनीवरील निरोप टिपून ठेवणारी साधनेही वापरली जातात. चाचणीच्या वेळी संपर्क मुद्दाम तोडून प्रणाली कशी वागते, हेही पाहिले जाते.

आज रेल्वेचे तिकीटच नव्हे, तर सातबारा उतारा आणि बँकेतील देवघेवही दूरच्या संगणकांवर अवलंबून आहे. पैसे वजा झाले, पण काम झाले नाही, असा प्रसंग आल्यास नागरिकांनी व्यवहार क्रमांक जपून ठेवावा व तक्रारीत तो अवश्य नमूद करावा. विखुरलेल्या नोंदींतून नेमका दोष हुडकून काढण्याचा तो सर्वांत जवळचा धागा आहे.