मोळी पडण्याआधीचं तेल

दसऱ्याच्या सुमारास लातूर-नांदेड पट्ट्यातल्या साखर कारखान्यांत बॉयलर पेटतात. मग गव्हाणीत उसाची मोळी पडते, पाहुणे येतात, फोटो निघतात. त्याआधीचे आठवडे मिल हाऊसमधल्या फिटर आणि ऑइलमनचे. त्यांचे फोटो कुणी काढत नाही.

मी पाहिलं त्या कारखान्यात मिलला नवा प्लॅनेटरी गिअरबॉक्स बसला होता. मोटर मिनिटाला हजाराच्या घरात फिरते, उसाचा रोलर जेमतेम चार-पाच फेरे घेतो. मधला सगळा हिशेब गिअरबॉक्स करतो. पूर्वी हे काम पुरुषभर उंचीच्या उघड्या दातेरी चाकांचं होतं. डांबरासारखं काळं वंगण फासायचं. दात झिजले की दिसायचे. आता सगळं बंद पेटीत, म्हणून तेलावरूनच ओळखायचं.

"नवाच तर आहे, तेल भरा अन् करा चालू," ऑफिसातून आलेल्या एकानं सुचवलं.

"नवा आहे म्हणून तर जास्ती बघावं लागायलंय, साहेब," फिटरमामा म्हणाले.

त्यांचं खरं होतं. येताना आत गंज लागू नये म्हणून लेप असतो. तेलाचे पाइप इथंच कापून वेल्डिंग केलेले. सांध्यांत खपल्या आणि मण्यांसारखे थेंब चिकटून बसतात. गरम तेलाच्या पहिल्या धारेत ते सुटतात आणि थेट बेअरिंगमध्ये जातात. म्हणून आधी पातळ तेल गरम करून वेगळ्या पंपानं पाइपांतून फिरवलं, बेअरिंगकडची वाट बंद ठेवून. ऑइलमन लाकडी हातोडीनं सांधे ठोकत होता. फिल्टर उघडला तेव्हा जाळीवर काळे कण, वेल्डिंगचे मणी आणि हात पुसायच्या चिंधीचा धागा निघाला. जाळी स्वच्छ येईपर्यंत हेच चालू राहिलं.

सीलबंद बॅरलमधलं तेलही रोलरवर दाब देणाऱ्या हायड्रॉलिकला पुरेसं स्वच्छ नसतं. डोळ्याला साधारण 40 मायक्रॉनपर्यंतचा कण दिसतो. पंप आणि व्हॉल्व्हमधल्या फटी त्याहून कितीतरी बारीक. शिवाय अंगणात उभं ठेवलेलं बॅरल दिवसा तापतं, रात्री आकसतं आणि झाकणावर साचलेलं पावसाचं पाणी बुचातून आत ओढून घेतं. म्हणून ते आडवं ठेवायचं, दोन्ही बुचं एका पातळीत, तेलाखाली राहतील अशी. ओतायचं तेही फिल्टर लावलेल्या ट्रॉलीनं. बादली-नरसाळ्याची सवय मोडणं हे मला या सगळ्यातलं सर्वांत अवघड काम वाटलं.

वरच्या रोलरवर हायड्रॉलिकचा दाब दर चौरस सेंटिमीटरला 200 किलोच्या आसपास असतो. उसाचा थर जाड आला की रोलर थोडा उचलला जावा म्हणून नायट्रोजन भरलेला अॅक्युम्युलेटर असतो. तिथं ऑक्सिजन चुकूनही भरायचा नाही; तेलाशी गाठ पडली तर स्फोट होतो. पंप सुरू करण्याआधी त्याच्या केसिंगमध्ये तेल भरायचं, मोटर क्षणभर झटका देऊन फिरण्याची दिशा बघायची, मग हवा काढायची. कोरडा फिरलेला पंप काही क्षणांत खराब होऊ शकतो.

गिअरबॉक्स आधी बिनलोडचा चालला. साईट ग्लासमधल्या रेषेपर्यंतच तेल. जास्त भरलं तर ते घुसळतं, फेसाळतं, तापतं. कुणी बेअरिंगवर थर्मामीटर धरून, कुणी आवाजाकडे कान लावून.

खरी परीक्षा पुढं असते. नव्या दातांवरची बारीक टोकं सुरुवातीला घासून निघतात आणि तेलात उतरतात. म्हणून पहिलं तेल बऱ्याचदा 500 तासांच्या आसपास बदलतात, नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो. रात्रंदिवस चालणाऱ्या मिलला 500 तास म्हणजे तीन आठवडे. तेव्हा हंगाम भरात, गेटबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. मिल थांबवायला कुणी तयार नसतं आणि माझ्या मते पुढच्या बिघाडाची सोय तिथंच होते. तेल काढल्यावर चुंबकी बूच बघायचं: करडा मऊ लेप चालतो, चमकणाऱ्या कपच्या नाहीत. तेल दुधाळ दिसलं तर मिल धुतानाचं पाणी किंवा वाफ कुठून शिरली ते शोधायचं.

आपल्याकडे आणखी एक प्रसंग येतो. 2016 च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पुढच्या हंगामात मराठवाड्यातले अनेक कारखाने उसाअभावी सुरूच झाले नाहीत. असा उभा राहिलेला गिअरबॉक्स हवा आत-बाहेर करणाऱ्या ब्रीदरमधून दमट हवा घेतो, आत पाणी सुटतं, तेलाच्या पातळीच्या वरचे दात गंजतात. तो पुन्हा सुरू करताना नव्यासारखाच धरायचा: तेल काढायचं, झाकण उघडून दात बघायचे, तसंच गरम तेल फिरवून फ्लशिंग करायचं आणि आधी बिनलोड चालवायचा.