दिसला नाही, म्हणजे नव्हता का?

पहूरहून फर्दापूरकडे निघालं की अजिंठ्याच्या डोंगरांत साग, सलई, पळसाचं पानझडी जंगल लागतं. पीएचडीच्या पहिल्या वर्षी तिथल्या नोंदींचा गोषवारा लिहिताना मी एक वाक्य बिनधास्त टाकलं होतं : 'पावशा हिवाळ्यात या जंगलात नसतो.' मार्गदर्शकांनी त्याखाली रेघ मारून विचारलं, "नसतो, की बोलत नाही?"

मला उत्तर देता आलं नाही. संशोधनाकडे वळणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न आधीच स्वतःला विचारावा, म्हणून हा लेख.

पावशा उन्हाळ्याच्या शेवटी 'पेरते व्हा, पेरते व्हा' करत रान डोक्यावर घेतो. पण दिसतो क्वचित, कारण रंगाने शिक्र्यासारखा आणि बसतो दाट पानांत. हिवाळ्यात तो बहुतेक गप्पच. माझ्या जवळजवळ सगळ्या नोंदी कानाने केलेल्या होत्या. म्हणजे मी पावशे समजून त्यांचं ओरडणं मोजत होतो.

ऋतू बदलला की दोन गोष्टी एकदम बदलतात. एक, प्राणी खरोखर येतात-जातात : चातक पावसाच्या तोंडावर येतो, धोबी आणि भोरड्या हिवाळ्याच्या पाहुण्या. दुसरी, तोच प्राणी आपल्याला सापडण्याची शक्यता बदलते. मार्चमध्ये पानं गळालेली असताना लांबच्या खोडावरचा सुतार दिसतो. ऑगस्टच्या हिरवाईत जवळ उभी रोहीसुद्धा दिसत नाही. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाण बांधून गणना करतात, कारण मे महिन्यात पाणी मोजक्याच ठिकाणी उरतं. तिथे भरपूर जनावरं दिसली म्हणून जंगलात ती वाढली, असं होत नाही.

आता थोडं गणित. समजा, एखादा पक्षी तिथे आहे, पण एका फेरीत सापडण्याची शक्यता ०.३ आहे. एका फेरीत तो हुकण्याची शक्यता ०.७. तीन फेऱ्यांत तिन्ही वेळा हुकण्याची ०.७ × ०.७ × ०.७, म्हणजे सुमारे ३४ टक्के. आठ फेऱ्या केल्या तर साधारण ६ टक्के. डॅरिल मॅकेंझी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेलं ऑक्युपन्सी मॉडेल याच कल्पनेवर उभं आहे : एकाच जागी पुन्हा पुन्हा जा, आणि 'आहे' व 'सापडतो' या दोन शक्यता वेगळ्या काढा. अट एकच, त्या फेऱ्या एकाच ऋतूत हव्यात. महिन्याला एक अशा बारा फेऱ्या करून हे साधत नाही, कारण मधल्या काळात पक्षी खरोखरच निघून गेलेला असू शकतो.

म्हणून वहीत पक्ष्याच्या नावाइतकंच हेही लिहा : किती वाजता, किती मिनिटं, वारा-पाऊस, पाहिला की ऐकला. आणि काहीच न मिळालेली सकाळसुद्धा लिहा. तीच पुढे सगळ्यात जास्त कामाला येते.

हा नुसता वहीचा काटेकोरपणा नाही. आपल्या खानदेशातलंच उदाहरण घ्या. रानपिंगळ्याचा शेवटचा खात्रीचा नमुना १८८४ चा. त्यानंतर १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला तो मिळाल्याची मेनर्त्झहागेनची नोंद होती. ती खोटी होती; जुनाच नमुना नवी चिठ्ठी लावून खपवलेला. शोध घेणारे त्या नोंदीवर विसंबून भलतीकडे फिरले. पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले नमुने तपासून ती नोंद बाजूला ठेवली, खऱ्या नमुन्यांची ठिकाणं धरली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा सकाळच्या उजेडात सापडला. तब्बल ११३ वर्षांनी. इतकी वर्षं ज्याला नाहीसा झालेला मानत होते, तो होता.

माझं ते वाक्य मी बदललं. आता तिथे लिहिलंय : 'डिसेंबर-जानेवारीतल्या फेऱ्यांत पावशाची नोंद झाली नाही', आणि पुढे फेऱ्यांची संख्या. या हिवाळ्यात ती संख्या वाढवायची आहे.