मासा नंतर, आधी वारा!

ऑनसाइटला आलेल्या मराठी पोरांचे अमेरिकेतले वीकएण्ड साधारण ठरलेले असतात. पहिले दोन महिने मॉल, मग नायगारा, मग वेगास आणि त्यानंतर रूमवर लोळत क्रिकेट. पण पोस्टिंग मिनियापोलिसला मिळालं की हे सगळं गणित बदलतं. मिनेसोटाच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरच '१०,००० तळी' असं छापलेलं असतं. सोमवारी सकाळी कॉफी मशीनपाशी गप्पा कसल्या, तर कुठलं तळं आणि किती इंचांचा मासा. दोन वर्षं हे ऐकून घेतल्यावर यंदा आम्ही चौघांनीही ठरवलंय. बास फिशिंगला जायचं, तेही थेट मिल लॅक्सवर!

चौघे म्हणजे कोण? एक मालवणी, ज्याचं अर्धं बालपण खाडीत गरवण्यात गेलंय. एक पुणेकर, जो मासे खात नाही पण फोटो काढायला येतोय. एक नागपूरकर, ज्याच्याकडे प्रत्येक गोष्टीची एक्सेल शीट असते. आणि डोंबिवलीचा मी. पोहता येतं ते पहिल्या दोघांना. पुणेकर टिळक टँकवर शिकलाय, तर मालवण्याला 'कुठे शिकलास?' असं विचारणं म्हणजे त्याचा अपमानच. नागपूरकर आणि मी मात्र कंबरेएवढ्या पाण्यापलीकडे कधी गेलेलो नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण ट्रिपचं अख्खं प्लॅनिंग याच मुद्द्याभोवती फिरतंय.

बास म्हटल्यावर मालवणी उसळलाच, "म्हणजे आपली चोणक!" चोणक, म्हणजेच रायगडवाल्यांचा जिताडा, याला इंग्रजीत एशियन सी बास म्हणतात हे खरं. पण तेवढं नावच काय ते सारखं. आम्ही ज्याच्या मागे आहोत तो स्मॉलमाऊथ बास. गोड्या पाण्यातला, सनफिशच्या कुळातला. रंग तपकिरी-हिरवट, अंगावर उभे पुसट पट्टे, डोळे लालसर. दोन-सव्वादोन किलोचा मिळाला तरी लोक वर्षभर मिरवतात. गळाला लागला की हा पठ्ठ्या पाण्याबाहेर उड्या मारतो, आणि सगळी झिंग म्हणे त्यातच आहे.

मग दहा हजार तळी सोडून मिल लॅक्सच का? त्याची स्टोरी जाम इंटरेस्टिंग आहे. हे तळं मुळात वॉलाय नावाच्या माशासाठी प्रसिद्ध. काठावरच्या गॅरिसन गावात वॉलायचा भलामोठा पुतळासुद्धा आहे. बासला इथे कोणी फारसं विचारत नव्हतं. पुढे वॉलाय कमी होत गेला, सरकारने नियम आवळत नेले आणि ऑगस्ट २०१५ मध्ये तर सीझन चालू असतानाच वॉलायची मासेमारी बंद केली. रिसॉर्टवाले हवालदिल. नेमका त्याच काळात बास जोरात होता. सप्टेंबर २०१६ मध्ये इथे बासमास्टरची मोठी स्पर्धा झाली. मिनेसोटाच्याच सेथ फायडरने तीन दिवसांत ७६ पौंड ५ औंस वजनाचे मासे पकडून ती जिंकली. रोजचे पाच, म्हणजे एकूण १५ मासे. सरासरी काढा, एकेक मासा सव्वादोन किलोच्या वर! पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, बासमास्टरने देशातल्या सर्वोत्तम बास तळ्यांच्या यादीत मिल लॅक्सला पहिला नंबर दिला. पाचशे रुपयांची पैज मारतो, ही आकडेवारी वाचून तुम्हीही बॅग भरायला घेतली असती.

पण थांबा. मिल लॅक्सला 'तळं' म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर तलावपाळी येते, आणि सगळा घोळ तिथेच होतो. याचा आकार १ लाख ३२ हजार एकर, म्हणजे साधारण ५३६ चौरस किलोमीटर. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे मिळून सहाशेच्या आसपास भरतात, यावरून अंदाज घ्या. समोरचा किनारा दिसतच नाही. आणि इतक्या मोठ्या तळ्याची जास्तीत जास्त खोली किती? फक्त ४२ फूट. मला वाटलं, चला, बरंच झालं. पण प्रकार उलटा आहे. उथळ आणि पसरट पाण्यावर वारा सुटला की लाटा पटकन उठतात. त्याही समुद्रासारख्या लांब नाहीत, तर आखूड, उभ्या, एकामागोमाग एक आदळणाऱ्या. सकाळी सात वाजता आरशासारखं असलेलं पाणी जेवणाच्या वेळेपर्यंत सोळा फुटी बोटीला नाचवू शकतं.

त्यामुळे नागपूरकराच्या एक्सेलमध्ये पहिला कॉलम माशांचा नाही, वाऱ्याचा आहे. वारा कुठल्या दिशेचा, ताशी किती मैल आणि वाढणार कधी. पश्चिमेचा असेल तर पश्चिम किनाऱ्याच्या, म्हणजे गॅरिसनच्या बाजूला पाणी त्यातल्या त्यात शांत. दक्षिणेचा असेल तर वॉकॉन-आयलच्या बाजूला. तळ्याला वळसा घालणारे रस्ते आहेत, त्यामुळे बोट कुठून पाण्यात घालायची हे सकाळी उठून ठरवता येतं. फक्त सगळ्यांनी 'आपलं रिसॉर्ट इथे, मग बोटही इथूनच' असा हट्ट धरायचा नाही.

दुसरा वाद बोटीचा. मालवण्याचं म्हणणं, भाड्याने बोट घेऊ, मी चालवतो. त्याचा हात बसलेला आहे यात शंका नाही. पण या तळ्यात पाण्याखाली दगडांचे ढीग आहेत. बास तिथेच राहतो आणि प्रॉपेलरही तिथेच तुटतो. शिवाय १ जुलै २०२५ पासून मिनेसोटात मोटरबोट चालवायला परमिटचा नियम लागू झालाय. सुरुवात तरुणांपासून आहे आणि टप्प्याटप्प्याने २०२८ पर्यंत १ जुलै १९८७ किंवा त्यानंतर जन्मलेले सगळेच त्यात येतील. मी स्पष्ट सांगितलं, पहिल्या वेळी गाइड. पैसे जातात, पण दगड कुठे आहेत हे ज्याला पाठ आहे त्याच्याच बोटीत मी बसणार. एक दिवस गाइडबरोबर आणि दुसरा दिवस काठावरून, असं शेवटी ठरलं.

आता आमचा सर्वांत महत्त्वाचा नियम. 'आज पाण्यात जायचं नाही' हे म्हणायचा अधिकार फक्त नागपूरकराला आणि मला. दोघांपैकी एकाने नाही म्हटलं की विषय संपला. कारण द्यायचं नाही, कुणी टोमणे मारायचे नाहीत, अॅडव्हान्स बुडाला तर चौघांनी भरायचा. हे रात्री भांडून ठरवलं. पुणेकर म्हणाला, "मग तुम्ही घाबरून बसाल आणि आम्ही रिसॉर्टवर पत्ते खेळत बसू." बसू की! तिथल्या कायद्याने बोटीत माणशी एक लाइफ जॅकेट लागतंच. पण मोठ्यांनी ते अंगात घालायची सक्ती नाही, आणि इथलेही अनेकजण ते सीटखाली ठेवतात. आम्ही चौघेही धक्का सोडण्याआधी घालणार, पोहणारेसुद्धा. सप्टेंबरच्या अखेरीस पाणी गार झालेलं असतं, आणि गार पाण्यात अचानक पडलं की पोहणाऱ्याचाही श्वास अडकतो.

सामानाचं टेन्शन मात्र घेऊ नका. दुकानात गेलात तर अक्षरशः भिंतभर रंगीत आमिषं दिसतात आणि डोकं गरगरतं. सात फुटांचा मध्यम ताकदीचा स्पिनिंग रॉड, आठ-दहा पौंडांची दोरी आणि तळाशी ओढायला ट्यूब किंवा नेड रिग, बस्स. इथला बास नांग्यांवाल्या क्रेफिशवर ताव मारतो, आणि हळूहळू दगडावरून ओढलेली ट्यूब नेमकी तशीच दिसते. तळ्याच्या खोलीची माहिती राज्याच्या डीएनआर खात्याच्या लेकफाइंडरवर फुकट मिळते. सोळा वर्षांवरच्याला लायसन्स हवं, ते ऑनलाइन मिळतं. आणि घरी निघताना बोटीच्या बुडातला प्लग काढून पाणी ओतून द्यायचं, कारण २००५ पासून या तळ्यात झेब्रा शिंपले आहेत. ते दुसऱ्या तळ्यात नेणं हा गुन्हा आहे.

आता मालवण्याचं दुःख. मिल लॅक्सवर बासचे नियम इतर ठिकाणांपेक्षा कडक असतात आणि ते बदलतातही, त्यामुळे निघायच्या आधी यंदाचं पुस्तक वाचायचं. मोठे मासे बहुतेक परत सोडावेच लागतात. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "धरलेलो मासो परत सोडूचो? मगे धरूचो कशाक?"

प्रश्न चुकीचा नाही. आपल्याकडे मासा ताटात येतो तेव्हाच पूर्ण होतो. पण उत्तरेकडच्या या थंड पाण्यात बासला वीस इंचांचा व्हायला दहा वर्षं किंवा त्याहूनही जास्त लागतात. शिवाय वसंतात अंड्यांवर पहारा नर देतो. त्याला तिथून उचललं की इतर मासे घरटं साफ करतात. म्हणूनच आम्ही जून टाळून सप्टेंबर घेतला. हे ऐकल्यावर मालवणी पाच मिनिटं गप्प बसला. मग म्हणाला, "बापूस राखणीक आसा तर सोडूक होयो."

तरीही त्याने बॅगेत आगळाची बाटली आणि मुठभर तिरफळं टाकलीच आहेत. नियमात बसणारा एखादा लहान मासा मिळाला तर कालवण, नाहीतर वाटेतल्या दुकानातून फिश फिले. नागपूरकराने एक्सेलमध्ये नवा कॉलम केलाय, 'कालवण: होय/नाही'. शुक्रवारी दुपारी तीनला निघायचंय. अंतर शंभर मैल, दोन तासांचा रस्ता. शनिवारी दुपारनंतर वायव्येकडून वारा वाढणार असं आत्ता तरी दिसतंय.