रेग्युलेटर माझा, पण त्याचं किट मला मिळणार नाही!

स्कूबा म्हटलं की सगळ्यांना रंगीत मासे आठवतात. मी पडले मेकॅनिकलची, त्यामुळे माझं लक्ष डायव्हरच्या तोंडातल्या त्या काळ्या डबीकडेच जातं. तिला आणि सिलेंडरवर बसणाऱ्या पितळी ठोकळ्याला मिळून रेग्युलेटर म्हणतात. माझा मामेभाऊ मालवणला डायव्हिंग शिकवतो. पावसाळ्यात समुद्र बंद झाला की त्याचं एकच टेन्शन असतं. रेग्युलेटर्स सर्व्हिसिंगला पाठवायचे, आणि ते सीझनच्या आत परत येतील का? यंदा त्याने ठरवलं, की आपणच खोलू. हात चांगला आहे, हत्यारं आहेत, मॅन्युअल वाचता येतं. परदेशातल्या एका दुकानाकडे पार्ट्सचं किट मागितलं, तर उलट प्रश्न आला, "तुमचा टेक्निशियन नंबर काय?" नंबर नाही म्हणून किट नाही. रेग्युलेटर मात्र त्याच दुकानाने कसलाही नंबर न विचारता विकला होता!

आता थोडी थिअरी. घाबरू नका, व्हायवा नाही घेत.

आपल्या स्वयंपाकघरातल्या गॅस सिलेंडरवरचा रेग्युलेटर काय करतो? आतलं जास्त प्रेशर कमी करून शेगडीला देतो. इथे तेच, फक्त आकडे भयंकर. डायव्हिंगच्या सिलेंडरमध्ये साधारण २०० बार हवा असते, म्हणजे कारच्या टायरच्या नव्वदेक पट. पहिली स्टेज (सिलेंडरवरचा ठोकळा) हे प्रेशर आजूबाजूच्या पाण्यापेक्षा नऊ-दहा बार जास्त एवढ्यावर आणते. दुसरी स्टेज तोंडात असते. श्वास घेतला की तिच्यातला रबरी पडदा आत ओढला जातो, तो एक लिव्हर दाबतो, झडप उघडते आणि हवा येते. श्वास थांबला की झडप बंद. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां या दोघांनी हे बनवलं. गान्यां हा गॅस कंपनीतला इंजिनिअर. युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी गॅसवर चालवायच्या व्हॉल्व्हवर तो काम करत होता, त्यातून ही कल्पना निघाली. म्हणजे गॅस सिलेंडरचं उदाहरण मी उगाच नाही दिलं.

खरी गंमत पहिल्या स्टेजमध्ये आहे. साध्या पिस्टन टाईपमध्ये एक पोकळ दांड्याचा पिस्टन, एक स्प्रिंग आणि एक बारीक भोक असतं. स्प्रिंग पिस्टनला भोकापासून दूर ढकलते, हवा आत येते, पोकळ दांड्यातून पिस्टनच्या डोक्यामागे जाते आणि तिथलं प्रेशर पुरेसं झालं की पिस्टनला परत भोकावर दाबते. पाण्याचं प्रेशर स्प्रिंगच्या बाजूने असतं, म्हणून खोल गेलं की हवेचं प्रेशर आपोआप वाढतं. दहा मीटरला एक बार, वीस मीटरला दोन. ना इलेक्ट्रॉनिक्स, ना सेन्सर. एका पानावर फ्री बॉडी डायग्राम मावतो.

मग झिजतं काय? पिस्टनच्या टोकाला प्लॅस्टिकची टिकली असते, तिला सीट म्हणतात. धातूच्या धारेवर हजारो वेळा आपटून तिच्यावर गोल खाच पडते. शिवाय ओ-रिंग्ज कडक होतात, फिल्टरमध्ये मीठ आणि हिरवट गंज बसतो. सर्व्हिसिंग म्हणजे हे सगळं सुटं करायचं, साफ करायचं, सीट, फिल्टर आणि ओ-रिंग्ज नवीन घालायच्या आणि मधलं प्रेशर गेजवर तपासायचं. काटा एका जागी थांबला पाहिजे. हळूहळू वर सरकत राहिला तर सीट गळते आहे.

किट म्हणजे एवढंच! त्यातल्या बहुतेक ओ-रिंग्ज स्टँडर्ड मापाच्या असतात, एएस ५६८ या अमेरिकन स्टँडर्डप्रमाणे त्यांना नंबर असतात. माप, मटेरियल (नायट्राईल, व्हायटॉन, ईपीडीएम) आणि कडकपणा माहीत असेल तर मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटसारख्या बाजारात शोधता येतात. हाय प्रेशरच्या जागी ७० ऐवजी ९० ड्युरोमीटरची लागते, हे मात्र विसरायचं नाही. अडतं ते सीटवर. ती कंपनीच्या स्वतःच्या मापाची, दुसरीकडे मिळत नाही. म्हणजे सगळं भांडण त्या वाटाण्याएवढ्या टिकलीचं आणि सर्व्हिस मॅन्युअलचं आहे.

कंपन्या म्हणतात, हे लाईफ सपोर्ट आहे, चुकीच्या हातात गेलं तर माणूस मरेल आणि कोर्टात आम्हाला उभं करतील. हे म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. स्टीलच्या टोच्याने ओ-रिंग काढताना खोबणीला एक ओरखडा पडला, तर ती गळती नवीन ओ-रिंग घालूनही जात नाही (म्हणून पितळी टोच्या वापरतात). ऑक्सिजन जास्त असलेल्या मिश्रणासाठी साधं पेट्रोलियम ग्रीस लावलं तर आग लागू शकते. पण मग गाडीचे ब्रेक काय लाईफ सपोर्ट नाहीत? नाक्यावरचा मेकॅनिक ते रोज बदलतो. बऱ्याच कंपन्यांचं टेक्निशियन ट्रेनिंगसुद्धा एक-दोन दिवसांचं असतं आणि ते डीलरच्या माणसांनाच मिळतं. शिवाय डिझाईन शहाणं आहे. सीट गळाली तर मधलं प्रेशर वाढतं आणि दुसऱ्या स्टेजची झडप आपोआप उघडून हवा धो धो वाहते. सिलेंडर काही मिनिटांत रिकामा होतो, तो धोका आहेच, पण हवा एकदम बंद पडत नाही. मला वाटतं, भीती खरी आहे, पण त्या भीतीआड डीलरचा धंदाही आरामात बसला आहे.

कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडे २०१४ मध्ये कॉम्पिटिशन कमिशनने १४ कार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून जास्त दंड लावला होता, कारण सुटे भाग खुल्या बाजारात मिळू देत नव्हत्या. पुढे अपिलं झाली, तो वेगळा विषय. २०२२ मध्ये केंद्र सरकारने राईट टू रिपेअरचं पोर्टल काढलं, त्यात शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं आणि गाड्या घेतल्या. न्यूयॉर्कचा २०२२ चा कायदा इलेक्ट्रॉनिक वस्तूंपुरता. आपला बिचारा रेग्युलेटर, चिप नाही म्हणून तिथे बसत नाही आणि चाकं नाहीत म्हणून इथे.

तरी रस्ते आहेत. अमेरिकेतल्या काही लहान कंपन्या मालकालाच किट विकतात. व्हान्स हार्लो यांचं रेग्युलेटर रिपेअरवरचं पुस्तक तर डायव्हर्समध्ये बायबल आहे. आणि नवीन घेणार असाल तर साध्या, वर्षानुवर्षं न बदललेल्या डिझाईनचा घ्या, कारण त्याच्या सीट्स जगात कुठे ना कुठे पडून असतात. पैसे देण्याआधी दुकानदाराला रंग आणि वजन नंतर विचारा. आधी विचारा, याचं किट मला विकाल का? आणि उत्तर बिलावर लिहून मागा.