पातळ लादी किती भार पेलते?

फेरोसिमेंटची लादी साधारण २५ मिलिमीटर जाडीची. आत कोंबडीजाळीचे किंवा वेल्डमेशचे थर. २८ दिवस पाणी पाजलं की ती दोन टेकूंवर आडवी ठेवून मधल्या दोन रेषांवर भार वाढवत नेतात. खाली लावलेल्या डायल गेजचा काटा सरकत राहतो, नजर मात्र पहिल्या तड्यावर. बिनजाळीची लादी तिथेच मोडते. जाळीची लादी बारीक तडे अंगभर वाटून घेत वाकत जाते.

अकोला-अमरावतीच्या खारपाण पट्ट्यात धास्ती वेगळीच: जाळी गंजण्याची. जाळीवर आवरण जेमतेम ३ ते ५ मिलिमीटर, आणि जमिनीतलं पाणी खारं. लोखंड घातलेल्या काँक्रीटसाठी आयएस ४५६ हे भारतीय मानक पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंतच क्लोराइड चालवून घेतं. तेव्हा बोअरचं पाणी आधी तपासा. २८ दिवसांच्या भारचाचणीत गंज दिसत नाही.