पांढऱ्या खुणांची वाट

डोंगरातील वाट आपोआप टिकत नाही. तिच्यावरील वर्दळ थांबली, की दोनचार पावसाळ्यांत तिच्यावर गवत माजते, कडेची झुडपे आत झुकतात, वादळात उन्मळलेले वृक्ष तिच्यावर आडवे पडतात आणि उतारावरून धावणारे पाणी तिची माती धुऊन नेते. काल जेथे वाट होती, तेथे आज केवळ रान उरते. अशा स्थितीत अमेरिकेच्या पूर्व भागातील सुमारे ३,५०० किलोमीटर लांबीची एक पायवाट पिढ्यानुपिढ्या चालती राहिली आहे, हे नवलच होय. त्याहून मोठे नवल हे, की ती राखणारे बहुसंख्य लोक ह्या कामाचा एक पैसाही घेत नाहीत.

ह्या वाटेचे नाव ॲपलाचियन ट्रेल. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून काही अंतरावर ॲपलाचियन पर्वतांच्या रांगा दक्षिणोत्तर पसरल्या आहेत. त्यांच्या माथ्यांवरून आणि खिंडींतून ही वाट जाते. दक्षिणेस जॉर्जिया राज्यातील स्प्रिंगर पर्वत हे तिचे एक टोक, तर उत्तरेस मेन राज्यातील कटाडिन शिखर हे दुसरे. वाटेत १४ राज्ये लागतात. कटाडिनची उंची सुमारे १,६०६ मीटर आहे. म्हणजे सह्याद्रीतील कळसूबाईपेक्षा ते किंचित ठेंगणेच. परंतु तो प्रदेश फार उत्तरेकडचा असल्यामुळे त्याच्या उघड्या खडकाळ माथ्यावर बोचरे वारे वाहतात आणि हवा घटकेत पालटते. संपूर्ण वाट एका दमात चालणाऱ्यास बहुधा पाच ते सात महिने लागतात. बहुतेक लोक मात्र एखादा दिवस किंवा एखादा आठवडा चालून परततात.

ही वाट प्रथम एका माणसाच्या मनात उमटली. बेंटन मकाय हा वनशास्त्राचा अभ्यासक आणि प्रदेशरचनेचा चिंतक होता. १९२१ साली त्याने एक लेख लिहून ह्या वाटेची कल्पना मांडली. कारखान्यांच्या शहरांत कोंडलेल्या माणसांना काही दिवस तरी पर्वतांच्या सहवासात काढता यावेत, तेथे त्यांनी परस्परांच्या साहाय्याने राहावे आणि काम करावे, असा त्याचा हेतू होता. म्हणजे वाट चालण्याइतकेच वाट घडविणेही त्याला मोलाचे वाटत होते. १९२३ साली न्यूयॉर्क राज्यात तिचा पहिला नवा तुकडा खुला झाला आणि १९२५ साली ह्या कार्यासाठी एक मध्यवर्ती संस्था स्थापन झाली.

स्वप्न मकायचे होते. पण ते जमिनीवर उतरविण्याचे श्रम मायरन एव्हरी ह्या वकिलाने केले. १९३१ पासून १९५२ पर्यंत तो संस्थेचा अध्यक्ष होता. सुटीचे दिवस त्याने डोंगरांत घालविले. गावोगावच्या गिर्यारोहकांना एकत्र करून त्याने नवी मंडळे उभारली. सायकलच्या चाकाचे मोजयंत्र पुढे ढकलीत तो मैलामागून मैल मोजीत असे. अशा रीतीने तुकड्यातुकड्यांनी संपूर्ण वाट चाललेला तो पहिला मनुष्य ठरला. अखेर ऑगस्ट १९३७ मध्ये मेन राज्यात शेवटचा दुवा जोडला गेला आणि वाट पूर्ण झाली.

परंतु वाट पूर्ण होणे निराळे आणि ती टिकणे निराळे. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९३८ मध्ये, न्यू इंग्लंड प्रांतावर प्रचंड चक्रीवादळ कोसळले आणि असंख्य वृक्ष वाटेवर पडले. ते दूर होतात न होतात तोच महायुद्धाची धुमश्चक्री सुरू झाली. कुऱ्हाड चालविणारे हात युद्धकार्यात गुंतले. काही वर्षांतच कित्येक ठिकाणी वाट बुजली आणि खुणा पुसल्या गेल्या. युद्धावरून परतलेला अर्ल शेफर हा तरुण १९४८ साली जॉर्जियातून निघाला, तेव्हा अनेकदा त्याला वाट शोधीतच पुढे जावे लागले. तरीही तो चार महिन्यांनी कटाडिनवर पोहोचला. संपूर्ण वाट एकाच प्रवासात पार केल्याची ही पहिली नोंद होय. त्याच्या त्या प्रवासाने लोकांचे लक्ष पुन्हा ह्या वाटेकडे वळले. मंडळांनी पुन्हा कुदळी उचलल्या आणि १९५१ साली ती पुन्हा सलग झाली. तथापि १९५५ साली ६७ वर्षांच्या एमा गेटवुड ह्या आजीबाईंनी साधे कापडी बूट घालून आणि खांद्यावर एक पिशवी टाकून संपूर्ण वाट एकट्याने पार केली, तेव्हा अनेक भागांच्या दुरवस्थेविषयी त्यांनी स्पष्ट शब्दांत तक्रार केली. आदल्याच वर्षी मेनच्या रानात त्या वाट चुकल्या होत्या. नकाशावरील रेषा कितीही ठळक असली, तरी रानातील खूण पुसली गेली की प्रवाशाच्या प्राणावर बेतू शकते.

ही खूण अगदी साधी असते. झाडाच्या बुंध्यावर सुमारे डोळ्यांच्या उंचीला रंगविलेली ५ सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच अशी पांढरी उभी पट्टी, एवढेच तिचे स्वरूप. पण ती काढण्यालाही शास्त्र आहे. प्रथम सालीचा वरचा सुटा, खरबरीत थर हलक्या हाताने खरवडावा लागतो. साल खोलवर कापली, तर झाडास इजा होते. नंतर काटकोनात नेमकी पट्टी रंगवितात. वाट उत्तरेकडे जाणाऱ्यास दिसावी तशीच दक्षिणेकडे जाणाऱ्यासही दिसावी, म्हणून दोन्ही दिशांना तोंड करून निरनिराळ्या खुणा कराव्या लागतात. खुणा फार विरळ झाल्या तर प्रवासी गोंधळतो. फार दाट झाल्या तर रानाची शोभा बिघडते. जेथे तीव्र वळण असेल, तेथे एकावर एक अशा दोन पट्ट्या काढतात. त्यांचा अर्थ, ‘सावध राहा, पुढे दिशा बदलते.’ पाण्याकडे किंवा निवाऱ्याकडे फुटणाऱ्या आडवाटांवर निळी पट्टी असते. ज्या उंच माथ्यांवर झाडेच नाहीत, तेथे दगडांच्या राशी रचतात किंवा खडकावरच रंग देतात. दाट धुक्यात अशी एखादी रास दिसली, की चाचपडणाऱ्या पावलांना धीर येतो.

तथापि खुणेपेक्षाही कष्टाचे काम पाण्याशी असते. पाण्याला उताराची वाट सापडली, की ते तिचाच ओहोळ करते. माती जाते, दगड आणि मुळे उघडी पडतात. मग प्रवासी खड्डा चुकवून कडेने चालू लागतात आणि वाट रुंद होत जाऊन आजूबाजूची वनस्पतीही तुडवली जाते. हे टाळण्यासाठी वाटेत ठिकठिकाणी लाकडाचा ओंडका किंवा दगडांची ओळ तिरपी पुरतात, म्हणजे पाणी अडून बाजूला वळते. शरद ऋतूत पाने गळून हे मार्ग तुंबतात. ते पुनःपुन्हा मोकळे करावे लागतात. चढावर दगडी पायऱ्या बसवितात, तर दलदलीवर ओंडक्यांच्या फळ्या टाकतात. वाटेवर पडलेला वृक्ष कापणे हे तर जोखमीचे काम. दाबलेले खोड कापताच उसळून अंगावर येऊ शकते. म्हणून करवत हाती घेण्यापूर्वी स्वयंसेवकांना रीतसर शिक्षण दिले जाते. कायद्याने राखलेल्या काही निबिड रानांत यंत्रचलित करवतीस मनाई आहे. तेथे आजही दोन माणसे लांब हातकरवतीची दोन टोके धरून वृक्ष कापतात.

ह्या सर्व कामाची वाटणी मोठी सुबक आहे. सुमारे ३० मंडळांनी वाट आपसांत वाटून घेतली आहे. मंडळे आपापला भाग पुन्हा लहान तुकड्यांत विभागून एकेका सभासदाकडे सोपवितात. कोणी शिक्षक, कोणी विद्यार्थी, कोणी निवृत्त कारागीर. आपल्या वाट्याचे दोनचार मैल ते वर्षातून अनेकदा चालतात, वाढलेली झुडपे छाटतात, फिकट झालेल्या खुणा नव्याने रंगवितात. मोठी कामे आली, की स्वयंसेवकांच्या तुकड्या तंबू ठोकून रानात राहतात. १९६८ साली अमेरिकेच्या संसदेने कायदा करून ह्या वाटेस राष्ट्रीय संरक्षण दिले आणि पुढे भोवतालची जमीनही क्रमाक्रमाने सरकारने राखून ठेवली. त्यापूर्वी जमीनमालकाची मर्जी फिरली, की वाटही फिरवावी लागे. कायद्याने जमीन राखली. वाट मात्र लोकांच्याच हाती राहिली.

निसर्गाची परीक्षा अद्याप संपलेली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन नावाच्या चक्रीवादळाने दक्षिणेकडील डोंगरांत हाहाकार उडविला. सहस्रावधी वृक्ष वाटेवर कोसळले, दरडी ढासळल्या आणि टेनेसी राज्यातील नोलिचकी नदीवरून वाट नेणारा पूल वाहून गेला. अनेक स्वयंसेवकांच्या स्वतःच्या गावांचीही हानी झाली होती. तरीही करवती पुन्हा बाहेर निघाल्या आणि एकामागून एक तुकडा मोकळा होऊ लागला.

ह्या वाटेवरील पांढऱ्या पट्टीखाली रंगविणाऱ्याचे नाव लिहिलेले नसते. तिच्या आधाराने चालणाऱ्यास तो कोण होता हे बहुधा कधी कळत नाही, आणि रंगविणाऱ्यासही आपल्या खुणेने कोणाचा जीव वाचला हे कळत नाही. तरीही वर्ष सरते, रंग फिकट होतो आणि कोणीतरी पुन्हा कुंचला व रंगाचा डबा घेऊन डोंगर चढू लागतो.